खिळ्यांतली मराठी

२०२३ च्या मे महिन्यात आमच्या शाळेची एक जुनी विद्यार्थिनी आईला घेऊन घरी आली. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावची ही पोर चौथीत असताना वहीच्या मागच्या पानांवर बैल काढायची आणि माझा मार खायची. आता ती गोव्यात चित्रकला शिकते. घरात पाऊल टाकल्या टाकल्या आईने गाऱ्हाणे मांडले, “सर, ही तिकडं काय शिकते ते तुम्ही तरी विचारा. चित्रं काढायला पाठवली, तर म्हणते छापायला शिकतेय. छापायचंच होतं तर बेळगावात छापखाने नव्हते काय?”

मी हसलो खरा, पण उत्तर मलाही देता येईना. मुलगी म्हणाली, “प्रिंटमेकिंग, सर.” मी मास्तरी बाण्याने सांगितले, त्याला मराठीत मुद्राचित्रण म्हणतात. आईच्या चेहऱ्यावरचा गोंधळ त्याने वाढलाच. मुलगी म्हणाली, “हा शब्द मी पहिल्यांदा ऐकतेय. आम्हाला सगळं इंग्रजीत. रिलीफ, इंटॅग्लिओ, प्रूफ, एडिशन. आईला समजावून सांगायला माझ्याकडे शब्दच नाहीत.”

वाचकहो, सीमाभागात मराठीचा प्रश्न म्हटला की पाट्या, कागदपत्रे आणि शाळा एवढ्यावर आपली गाडी थांबते. या पोरीचा प्रश्न त्याहून साधा आणि मला वाटते अधिक अवघड होता. आपण जे काम शिकतो ते स्वतःच्या आईला स्वतःच्या भाषेत कसे सांगावे?

कॉलेजने तिला त्या वर्षी एक काम नेमून दिले होते. जिथे जिथे छपाई होते अशा जागा पाहायच्या, चित्रकारांचे स्टुडिओ आणि धंद्याचे छापखाने दोन्ही, तिथे उभे राहून टिपणे करायची आणि शेवटी स्वतःची काही छापचित्रे करायची. ती बडोद्याला जाऊन आली होती, गोव्यात रायतूरला जाऊन आली होती. आता तिला खिळ्यांचा छापखाना पाहायचा होता. “तुमच्या ओळखीचा कुठला राहिलाय का, सर?”

ओळखीचा एक होता, शहापुरातल्या एका गल्लीत. पण वीस वर्षे मी तिकडे फिरकलो नव्हतो. का, ते पुढे सांगतो.

आम्ही गेलो त्या दिवशी ट्रेडल मशीन बंद होते आणि त्यावर कुणी तरी जुनी चादर टाकली होती. मालकांचा मुलगा पुढच्या खोलीत संगणकावर लग्नपत्रिका करीत होता. मागच्या अंधाऱ्या खोलीत केशींच्या रांगेपुढे स्टुलावर जुने कंपोझिटर बसले होते. सगळे त्यांना मामा म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. पगार केव्हाच थांबला आहे, तरी सकाळी येऊन बसतात. घरी बसून काय करायचे, म्हणतात.

पोरीने नमस्कार केला, तसे मामांनी स्टिक उचलली आणि काही न बोलता खिळे उचलायला सुरुवात केली. स्टिक म्हणजे डाव्या हातात मावणारी लोखंडी पट्टी, तिच्यात एकेक अक्षर उभे करून ओळ जुळवायची. उजवा हात केशीच्या खणांवरून फिरत होता, डोळे मात्र आमच्याकडे. दोन मिनिटांत त्यांनी स्टिक पुढे केली. “वाच.”

तिला वाचता येईना. मलाही येईना. खिळ्यावरचे अक्षर आरशातल्यासारखे उलटे असते आणि जुळवताना ते डोक्यावर उभे असते. शिरोरेषा खाली, पाय वर. ओळ मात्र डावीकडून उजवीकडेच जाते. मामांनी बोटाने दाखवीत वाचले, तेव्हा कळले की तिथे तिचे नाव होते. पहिल्या भेटीत ऐकलेले नाव काना-मात्रेसह बरोबर.

“डोळ्यानं बगायचं न्हाई बाळ, हाताला कळतंय,” मामा म्हणाले. “खिळ्याच्या अंगाला ही खाच असते. ती अंगठ्याला लागली की खिळा सुलटा.”

मग त्यांनी तिला केशी दाखवल्या. इंग्रजीचे काम दोन केशींत भागते. आपल्या देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे धरून कित्येक शे निरनिराळे खिळे लागतात. ऱ्हस्व वेलांटीची गंमत तर मी शिक्षक असूनही कधी ध्यानात घेतली नव्हती. ‘कि’ म्हणताना आपण आधी क म्हणतो आणि मग इ. कंपोझिटर आधी वेलांटी उचलतो आणि मग क. म्हणजे पुढचे अक्षर काय येणार ते हाताला आधीच ठाऊक हवे. ज्याला भाषा येत नाही त्याला हे काम नुसत्या अक्षरओळखीवर जमणार नाही.

आणि इथेच मला एक धक्का बसला. मामांच्या घरची भाषा कन्नड. चाळीस वर्षे त्यांनी मराठी खिळे जुळवले, आमच्या तालुक्यातल्या निम्म्या मराठी शाळांच्या प्रश्नपत्रिका त्यांच्या हातून गेल्या, आणि हे मला आजवर माहीत नव्हते. कारण मी कधी विचारलेच नव्हते. “शाळा कन्नडात चौथीपर्यंत,” ते म्हणाले, “मराठी मी उलटी शिकलो. सुलटी वाचायला मागनं आली.”

पोरगी भराभर वहीत लिहीत होती. तिने काय टिपले ते मी नंतर पाहिले. वस्तूंची नावे बहुतेक इंग्रजीच होती. केस, स्टिक, गॅली, चेस, रोलर. पण मामांची क्रियापदे सगळी मराठी. ओळ आवळायची. खिळा झिजतो. अक्षर बसते किंवा उठते. कागद शाई खातो. दाब जास्त झाला तर कागदाला पाठीमागून पोट येते. फर्मा पाचर मारून कसायचा. मराठीच्या काळजीने आपण नावांच्या याद्या करतो, परिभाषा कोश काढतो, आणि ते हवेतच. पण या पोरीला आईशी बोलायला जे हवे होते ते या क्रियापदांत होते, आणि ती कुठल्याही कोशात एका जागी सापडली नसती.

तेवढ्यात चहा आला. पोरीने वही उघडून मामांना आपण कुठे कुठे फिरलो ते सांगायला घेतले.

रायतूर हे सासष्टीतले गाव. तिथल्या टेकडीवर जुनी सेमिनरी आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली याच रायतूरला छापले गेले. त्याच्या साठ वर्षे आधी, १५५६ साली, भारतातला पहिला छापखाना गोव्यात उतरला होता. तो खरे तर अबिसिनियाला जायचा होता, वाटेत गोव्यातच राहिला. जुन्या गोव्यात ज्या सेंट पॉल कॉलेजात तो चालला त्याचे आज एक दार तेवढे उभे आहे. पोरगी त्या दारापुढे बसून चित्र काढून आली होती.

आता मौज पाहा. स्टीफन्स साहेबांनी ओव्या मराठीत रचल्या, मराठीचे तोंड भरून कौतुक केले, पण पुस्तक छापले रोमन लिपीत. देवनागरीचे खिळे नव्हते. एवढी अक्षरे पाडायची कुणी आणि कशी? १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असे फर्मान काढले, आणि मग तर तो विषयच मागे पडला. ‘ख्रिस्तपुराण’ देवनागरीत छापून आले ते १९५६ साली, पुण्याला, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली. म्हणजे मराठीत रचलेल्या या ग्रंथाला मराठीच्या लिपीत छापले जायला तीनशे चाळीस वर्षे लागली.

मामांनी कप खाली ठेवला. “तीनशे चाळीस?” त्यांनी पुन्हा विचारले. मग आपल्या केशींकडे पाहिले. “म्हंजे खिळं नसलं की भाषा असून नसल्यासारखी.”

मी त्यांना आपल्या जवळच्या मिरजेची हकिगत सांगितली. गोव्याचेच संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी भारतातल्या छपाईचा इतिहास १९५८ साली इंग्रजीत लिहिला, त्यात ती आहे. पुण्याचा इंग्रज वकील मॅलेट याच्या मदतीने एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरायला शिकवले होते आणि नाना फडणवीसांच्या मनात त्याच्याकडून गीता छापून घ्यायची होती. नाना १८०० साली वारले. त्या कारागिराला मग मिरजेच्या पटवर्धनांनी आश्रय दिला आणि १८०५ साली मिरजेत गीता छापली गेली, तांब्याच्या पत्र्यांवरून. त्याच वर्षी तिकडे बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरी याने मराठीचे व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले. मिरजेची गीता हा एकेक पत्रा कोरून केलेला खटाटोप होता, पत्र्यावरची अक्षरे मोडून दुसरे पुस्तक जुळवता येत नव्हते. श्रीरामपूरचे खिळे सोडवून पुन्हा लावता येत होते. पुढे मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले, स्वतः खिळेही पाडले, आणि नंतर जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखान्यात देवनागरीला जे सुबक वळण दिले त्याचीच लेकरे-नातवंडे आपल्या गावोगावच्या छापखान्यांत पसरली.

पोरगी म्हणाली, “सर, तांब्याचा पत्रा म्हणजे मी बडोद्याला पाहिलं ते. इंटॅग्लिओ.” आणि तिने मामांना ते समजावून सांगितले. कोणते क्रियापद वापरावे म्हणून ती जरा थांबे आणि मामा शब्द पुरवीत.

छपाईच्या तीन मुख्य तऱ्हा तिने सांगितल्या त्या अशा. मामांच्या खिळ्यात अक्षर उठावाचे. वर आलेल्या भागाला शाई लागते, खोल भाग कोरा राहतो. लाकडाचा ठसा किंवा लिनोलियम कोरून केलेले चित्र याच जातीचे. दुसरी तऱ्हा याच्या नेमकी उलट. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणासारखा लेप देतात, सुईने त्यावर चित्र ओरखडतात आणि पत्रा आम्लात बुडवतात. जिथे लेप खरवडला तिथे आम्ल धातू खाते. मग शाई भरून पत्रा वरून पुसून काढायचा. शाई राहते ती फक्त भेगांत, जशी शेतात राबणाऱ्याच्या तळहाताच्या रेषांत माती राहते. त्यावर ओलसर कागद ठेवून सारे दोन रुळांतून काढायचे. “उसाचा चरक असतो ना मामा, तसंच.” मामांना पटले.

तिसरी तऱ्हा शिळाछापाची. यात उठावही नाही आणि खोलगटही नाही. गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचे, शिळेवर रसायनाचा हात फिरवायचा, ती पाण्याने ओली करायची आणि रूळ फिरवायचा. तेलकट रेघ पाणी झटकते आणि शाई धरते, ओली शिळा शाई झटकते. काम झाले की शिळा घासायची आणि दुसऱ्या चित्राला घ्यायची. यासाठी नावाजलेल्या शिळा जर्मनीत बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या. राजा रविवर्म्याच्या देवादिकांच्या तसबिरी, ज्या आपल्या आज्यांच्या देवघरांत होत्या, त्या अशाच शिळांवरून उतरलेल्या.

बडोद्याला ती आठ दिवस राहिली, दांडिया बाजारात, मैत्रिणीच्या मावशीकडे. चार पिढ्या गुजरातेत राहूनही त्या घरात मराठी चालते, फक्त तिला गुजराती हेल आहे, जसा आपल्या मराठीला कन्नड हेल आहे. तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० साली ललित कला विद्याशाखा निघाली. इंदूरच्या मराठी घरात जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे तिथे शिकवायला होते, आणि त्यांचे विद्यार्थी ज्योती भट्ट हे पुढे देशातले नामांकित मुद्राचित्रकार झाले. त्याहून जुनी गोष्ट बडोद्याच्या कलाभवनाची. सयाजीरावांच्या काळात १८९० साली ते सुरू झाले आणि त्र्यंबकेश्वरचा एक तरुण तिथे शिकला. मुंबईच्या जे. जे. मध्ये चित्रकला, बडोद्याला छायाचित्रण, रतलामला जाऊन तिरंगी ब्लॉक करण्याची विद्या, लोणावळ्याला छपाईचा धंदा, १९०९ मध्ये यंत्रांसाठी जर्मनी. कारखान्या-कारखान्यांतून असा भटकत शिकलेला हा चित्रकलेचा विद्यार्थी म्हणजे दादासाहेब फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. त्याच्या आधीची ती सगळी वर्षे शाईत गेलेली होती, हे आपण विसरतो.

मामांना फाळक्यांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे नवल वाटले. पोरीने आपले एक छापचित्र पिशवीतून काढले. खाली कोपऱ्यात पेन्सिलीने ३/१५ असे लिहिले होते आणि पुढे तिची सही. हे काय, म्हणून त्यांनी विचारले. ती म्हणाली, एका ठशावरून पंधराच प्रती काढल्या, त्यातली ही तिसरी. प्रत्येक प्रतीवर कलावंताने सही करायची अशी पद्धत आहे.

मामा मोठ्याने हसले. “पाचशे पाचशे पत्रिका काढल्या की ओ आमी. एकावर सही न्हाई.”

त्यानंतर त्यांनी जे दाखवले त्यासाठी खरे तर मी हा लेख लिहायला बसलो. पुढच्या खोलीतून त्यांनी नवी लग्नपत्रिका आणली आणि शेजारी आपल्या खिळ्यांनी छापलेली एक जुनी पत्रिका ठेवली. “सर, तुमी मास्तर. फरक सांगा.”

मी कागद, रंग, गणपती सगळे सांगितले. ते मान हलवीत राहिले. शेवटी त्यांनी बोट ठेवले. जुन्या पत्रिकेतला ‘ल’ पाकळ्यांचा होता, मधल्या देठाच्या दोन बाजूंना दोन पाकळ्या. नव्यातला ‘ल’ दांडीचा. ‘श’ चेही तेच. आपला देठाचा श जाऊन त्याच्या जागी हिंदी वळणाचा श. मामा म्हणाले, “ह्यो आमचा न्हाई.” आमचा! घरी कन्नड बोलणारा माणूस.

मालकांच्या मुलाला विचारले तर तो म्हणाला, “काका, फॉन्टमध्ये आहे तोच येतो.” त्याचेही खोटे नाही. संगणकाला आणि फोनला ल हे एकच अक्षर ठाऊक असते, त्याला मराठी वळण द्यायचे की हिंदी हे फॉन्ट ठरवतो. बहुतेक ठिकाणी आयते येते ते हिंदी वळण. मराठी वळणाचे फॉन्ट आहेत, पण ते मुद्दाम शोधून घालावे लागतात. महाराष्ट्र शासनाने २०२२ साली निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपे म्हणून सांगितली. तो कागद आपल्या गल्लीतल्या दुकानापर्यंत कसा पोचणार, हा भाग वेगळा.

दुसरे दुखणे ऱ्या आणि र्या यांचे. एकदा आमच्या सहलीच्या पत्रकात जांबोटीच्या दऱ्या छापायच्या होत्या, छापून आला जांबोटीचा दर्या. समुद्रच आणून ठेवला घाटमाथ्यावर! कुणाच्या ध्यानातही आले नाही. मामांच्या केशीत त्या ऱ्या साठी वेगळा खण होता.

कुणी म्हणेल, ल ला पाकळ्या असल्या काय आणि दांडी असली काय, वाचता येते ना? मीही तसे म्हटले असते. पण जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी पाचवीच्या मुलांना ‘लाल शाल’ एवढेच दोन शब्द लिहायला सांगितले. निम्म्याहून अधिक मुलांनी दांडीचा ल काढला. मी फळ्यावर नेहमी पाकळीचा लिहितो. म्हणजे मुले माझ्या फळ्यावरून अक्षर शिकत नाहीत, फोनवरून आणि पत्रिकांवरून शिकतात. मुलाचे वळण बरोबर-चूक ठरवायला मी बसलेलो नाही. फक्त ते कुठून येते हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते.

आता ते वीस वर्षांचे. गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी बरीच वर्षे आहे. वाचनालयाचा वार्षिक अहवाल याच छापखान्यात, मामांच्या हातून होत असे. २००३ साली दुसऱ्या एका ठिकाणी ऑफसेटवर तो कमी पैशांत आणि रंगीत मुखपृष्ठासह होईल असे कळले. ठराव मी मांडला आणि त्याखाली चिटणीस म्हणून सही माझीच आहे. हिशेबाने ते बरोबरच होते, आजही मी तेच केले असते कदाचित. पण मालकांना जाऊन सांगायचे धैर्य मात्र झाले नाही. आम्ही नुसते जायचे थांबलो. आमच्यासारख्या किती संस्था तशाच थांबल्या असतील!

निघताना मालक आले. वीस वर्षांचा विषय त्यांनी काढला नाही. कपाटातून एक फाईल काढून पुढे ठेवली तेवढी. आमचे सगळे जुने अहवाल, एकेक प्रत जपून ठेवलेली. मग म्हणाले, “बरं झालं आलात. पुढच्या रविवारी भंगारवाला येतोय. खोली मुलाला डिजिटल मशीनसाठी पाहिजे.” खिळे म्हणजे शिसे, कथील आणि अँटिमनी. भाव किलोवर. अक्षर कुठलेही असो.

पोरगी गप्पच झाली. बसमध्ये तिने एवढेच विचारले, “सर, सगळे खिळे वितळवणार?”

शुक्रवारी मी कार्यकारिणीची तातडीची बैठक बोलावली आणि निदान दोन केशी वाचनालयाने विकत घ्याव्यात असे मांडले. वाद झाला. पुस्तकांना पैसे नाहीत आणि शिसे कसले घेता, असे एकाने विचारले. ते खरेच होते. दुसरा म्हणाला, “घ्या, घ्या. निदान त्याला वाळवी तरी लागणार नाही.” आमच्या पुस्तकांची अवस्था पाहता यावर कुणाला बोलता आले नाही. वाचनालयाच्या पैशाला हात न लावता सात जणांनी वर्गणी काढली. त्यात भागले ते एका मोठ्या टाईपाच्या दोन केशींपुरते.

शनिवारी आम्ही टेंपो घेऊन गेलो. पोरीला बारा पॉइंटाचा बारीक टाईप हवा होता, ज्यात आमच्या प्रश्नपत्रिका छापल्या तो. मामांनी नको म्हटले. “तो झिजलाय. हातानं छापशील तर मोठाच घे, चोवीसचा.” ती ऐकायला तयार नव्हती. शेवटी मामांनी मिठाईचा एक रिकामा खोका घेतला आणि बारीक टाईपाच्या केशीसमोर उभे राहून प्रत्येक खणातून एकेक खिळा बोटाने चाचपून त्यात टाकला. पाकळीचा ल, देठाचा श, ळ, ज्ञ, क्ष, श्र, अर्धा ऱ्. अर्धा तास लागला. खोका तिच्या हातात दिला तेव्हा तो इतका जड होता की खालून पुठ्ठा फाटायला लागला.

रविवारी बाकीचा टाईप पोत्यांत भरून गेला. मी गेलो नव्हतो. मालकांनी नंतर सांगितले की ट्रेडल मात्र अजून तिथेच आहे, उचलायला माणसे मिळाली नाहीत.

केशी आता वाचनालयात बालविभागाच्या कोपऱ्यात आहेत. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत पोरगी आली आणि वाचनालयाच्या वर्धापनदिनाची निमंत्रणे तिथेच जमिनीवर बसून छापली. मशीन नाही, तेव्हा मामांनी जुळवलेल्या ओळी चौकटीत कसल्या, रुळाने शाई दिली, कागद ठेवला आणि मोठ्या चमच्याच्या पाठीने घासून काढले. वर तिने कोरलेला लिनोचा ठसा, बैलाचा. मी चौथीत ज्यासाठी तिला मारले तोच बैल असावा. एकूण साठ प्रती. गावातली मुले दोन दिवस तिथून हलली नाहीत, आणि तिची आई शाई पुसायच्या चिंध्या घेऊन येऊन-जाऊन होती. शेजारणीने विचारले तर ती सांगत होती, “हे बघ, हा उठावाचा ठसा. वर आलंय तेवढंच शाई खातंय.”

प्रती वाळल्यावर पोरीने त्यांवर पेन्सिलीने आकडे घातले आणि पेन्सिल मामांपुढे धरली. ते नको नको म्हणाले. मग चष्मा पुसून त्यांनी साठही प्रतींवर सही केली, कन्नडमध्ये. आमच्या एक-दोन सभासदांनी एकमेकांकडे पाहिले. १/६० ही प्रत मी ठरावांच्या वहीत, २००३ च्या त्या पानाशेजारी चिकटवली आहे.

निमंत्रणे वाटून झाल्यावर चौथ्या दिवशी मला दिसले की सतराव्या प्रतीपासून पुढे ‘वर्धापन’ मधला रफार गळून पडला आहे. मी धावत मामांना गाठले. ते म्हणाले, “सतराला पडला, मला म्हायीत हाय. तुमी वाचताय का न्हाई ते बगत होतो.”